मावशीच्या माळ्यावरची ट्रंक: तंबूत काय न्यायचं, घरी काय ठेवायचं

मे महिन्यात गोव्यात पेडण्याला मावशीकडे शाकारणी काढली, तेव्हा माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. आत पाण्याच्या दोन बाटल्या, दोन तऱ्हांचे जेवणाचे डबे, एक पितळी स्टोव्ह, कॅनव्हासचे पट्टे आणि घडीतच चिकटून बसलेली रबरी चादर. मावशीचा मुलगा पाऊस ओसरला की मित्रांबरोबर सत्तरी तालुक्यात तंबू ठोकायला जातो, त्याला सगळंच न्यायचं होतं. मावशीला सगळंच भंगारवाल्याला घालायचं होतं. आणि आजोबा आरामखुर्चीतून एकच सांगत होते, "पाकल्यांचं आहे ते. एकसष्टला जाताना टाकून गेले." पाकले म्हणजे पोर्तुगीज.

गोव्यात खाकी रंगाचं जे जे सापडतं ते पोर्तुगीज सैन्याचं, असं घरोघर मानतात. दिवा असेल तर तो १९४३ साली मुरगाव बंदरात जळालेल्या जर्मन बोटीवरचा! जर्मन फॉयरहँड कंदील तेव्हा बाजारात सरळ विकत मिळायचे, ही गोष्ट कुणी लक्षात घेत नाही. म्हणून आधी शिक्का शोधावा. तोही राखेने किंवा चिंचेने न घासता, ओल्या फडक्याने पुसून, विजेरी तिरकी धरून. कापडावरचा शिक्का शाईचा असतो आणि धुण्यात जाऊ शकतो.

तीन रेघांचा, पक्ष्याच्या पावलासारखा बाण दिसला तर वस्तू ब्रिटिश सरकारची. बाणाखाली इंग्रजी 'आय' असेल तर ब्रिटिश हिंदुस्थानची, 'सी'च्या पोटात बाण असेल तर कॅनडाची. अमेरिकी वस्तूवर नुसतं 'यू. एस.' आणि बहुधा कारखान्याचं नाव नि साल. पोर्तुगीज मालावर बाण नसतो. 'इंदुस्त्रिया पुर्तुगेझा', 'लिश्बोआ' असे शब्द असतात, आणि शाळेत पोर्तुगीज शिकलेलं कुणी घरात असेल तर ते लगेच वाचून देतं. आमच्या पट्ट्यांवर बाण, 'आय', १९४२ आणि कानपूरचं जुनं इंग्रजी स्पेलिंग होतं, 'सी'ने सुरू होणारं. स्वातंत्र्यानंतर ते 'के'ने सुरू होतं, तेव्हा एवढ्या एका अक्षरावरून काळ ठरतो. पणजोबा बेळगावात नोकरीला होते आणि तिथे छावणी आहे. ट्रंक चोर्ला घाट उतरून आली असणार. आजोबांना हे पटलेलं नाही.

रंगावर मात्र विसंबू नका. खाकी म्हणजे ब्रिटिश आणि हिरवं म्हणजे आपल्या लष्कराचं, असं सरळ नाही. ब्रह्मदेशाच्या जंगलात खाकी उठून दिसायची, म्हणून दुसऱ्या महायुद्धातच हिरवा गणवेश आला होता.

आता बाटल्या, कारण खरा वाद त्यांच्यावरच झाला. पहिली ब्रिटिश: लोखंडी पत्र्यावर निळं एनॅमल, वर लोकरी खाकी गवसणी, तोंडाला दोरीने बांधलेलं बूच. साधारण लिटरभर पाणी मावतं. गवसणी भिजवली की पाणी गार राहतं, आपल्या मडक्याचंच तत्त्व. दुसरी अमेरिकी, १९४३ची: मळखाऊ करडी, टोपीला साखळी, आणि बुडाशी चपखल बसणारा घडीच्या मुठीचा पेला. पाणी पहिलीपेक्षा थोडं कमीच. हातात घेतल्यावर देखणी वाटते ती पहिली. जंगलात न्यावी ती दुसरी, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. एनॅमलच्या बाटलीचं तोंड अरुंद, आत कुठे टवका उडालाय ते दिसत नाही. टवका उडाला की खाली गंज धरतो, आणि जुन्या एनॅमलच्या रंगात शिसं किंवा कॅडमियम असू शकतं. बूच तर वाळून भुगा झालेलं असतं. अमेरिकी बाटली आतून उकळत्या पाण्याने धुता येते, पेला थेट चुलीवर ठेवता येतो, दोन माणसांचा चहा होतो. ती अॅल्युमिनियमची की स्टीलची, हे वजनावरून कळतं. आत पांढरे खड्डे पडलेले दिसले तर मात्र तीही शोकेसमध्ये.

इथे एक फसगत होते. अमेरिकी आकाराची बाटली, तसाच पेला, पण अंगावर बाण, असं काही सापडलं तर ते बनावट समजू नका. ब्रिटिशांनी १९४४च्या सैनिकी सामानाच्या संचात अमेरिकी बाटलीचीच नक्कल केली होती. आणि पोर्तुगाल १९४९ पासून नाटोत असल्यामुळे अमेरिकी वस्तू पाकल्यांच्या हातून गोव्यात येणं अशक्य नाही. आजोबांना मी तेवढं समाधान दिलं. पण १९४३चं साल पाहता, युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने हिंदुस्थानातच सोडलेल्या आणि मग विकल्या गेलेल्या सामानातली ती असावी, हेच जास्त पटतं.

डब्यांचा निकाल लोहचुंबकाने लावला. एकात एक बसणारे दोन चौकोनी ब्रिटिश डबे, त्यांना चुंबक चिकटला. अॅल्युमिनियम विमानांना लागत होतं, म्हणून युद्धात पत्र्याला कल्हई केलेले डबेही निघाले. आमच्या डब्यांची कल्हई अर्धी उडाली होती आणि सांध्याला डाग (झाळ) दिलेला दिसत होता. तो शिशाचा धरून चालावं. जेवायला बाद. लंबगोल अमेरिकी डबा, मूठ झाकणावर दुमडणारा, अॅल्युमिनियमचा, चांगल्या स्थितीतला. त्यात पेज शिजवा, अंडी तळा. पण सोलकढी किंवा बिंबलं घातलेली आमटी त्यात ठेवू नका, आंबट लागलं की अॅल्युमिनियम उतरतं. ब्रिटिश डब्याच्या तळाशी कुणा शिपायाने खिळ्याने आपला नंबर कोरला होता. संग्राहकाच्या दृष्टीने आख्ख्या ट्रंकेत मोलाचं तेवढंच. घासून लख्ख केलं असतं तर तेही गेलं असतं.

स्टोव्ह लष्करी नव्हताच. पितळी प्रायमस त्या काळी स्वयंपाकघरांत असायचा. बाण नाही, तर घरगुती समजायचा. स्टॉकहोमच्या प्रायमसवर टाकीला सालाची खूण म्हणून अक्षर असतं, १९११ला 'ए' धरून पुढे. वापरायचा असेल तर पंपाचं चामडी वायसर तेलात भिजवून बदला, टाकीचा डाग साबणाच्या पाण्याने तपासा, आणि रॉकेलच्या स्टोव्हमध्ये पेट्रोल कधीच घालू नका. लष्करात पेट्रोलचे वेगळे स्टोव्ह असत, दिसायला थोडेफार असेच, म्हणून आधी ओळख पटू द्या. भावाला मी सरळ सांगितलं: रात्री तंबूच्या तोंडाशी हे पेटवण्यापेक्षा चारशे-पाचशे रुपयांचा गॅसचा बर्नर घे.

कापडाचं काय? कोकण-गोव्याच्या हवेत चार पावसाळे काढले की कापडाआधी शिवणीचा दोरा कुजतो. पट्टा दोन्ही हातांनी ताणा. टरटर आवाज आला तर पाठीवर ओझं टाकू नका. बकलं पितळेची, कळकलेली असली तरी टिकतात.

दोन गोष्टी आमच्या ट्रंकेत नव्हत्या, पण तुमच्या असू शकतील. होकायंत्राच्या तबकडीवर पिवळसर, पूर्वी अंधारात चमकणारा रंग असेल तर तो रेडियमचा असू शकतो. चमक गेली तरी किरणोत्सर्ग जात नाही, तेव्हा उघडू नका, खरवडू नका. आणि महायुद्धातला गॅसचा मुखवटा पोरांना नाटकात घालायला देऊ नका, काहींच्या गाळणीत अॅसबेस्टॉस असे. काडतूस किंवा तसलं काही निघालं तर हात न लावता ११२.

विकायचं असेल तर महायुद्धातल्या मालाला अजून वाव आहे. १९१४-१८च्या वस्तू मात्र आता शंभरी ओलांडून गेल्या, १९७२च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकतात, आणि पुरावस्तू परदेशी पाठवायला बंदी आहे. फोटो बघून परदेशातून कुणी चांगला भाव सांगितला, तर आधी सालाचा आकडा वाचा.

शेवटी भावाने बाटली, पेला आणि लंबगोल डबा नेला. ब्रिटिश बाटली आजोबांच्या खुर्चीमागच्या खुंटीला लटकते आहे. रबरी चादर मावशीने उन्हात सोडवली, दोन ठिकाणी फाटली, आणि पहिल्या पावसाआधी गोठ्यातल्या लाकडांवर घातली.