बोटीची डिझेल टाकी करून घेतली, गोव्यातल्या बेतीच्या वर्कशॉपचा अनुभव

बाबांची 26 फुटी लाकडी बोट आम्ही दोघे भाऊ दोन वर्षं दुरुस्त करतोय. फळ्या झाल्या, इंजिन ओव्हरहॉल झालं, मग जुनी टाकी उचलली तर धक्काच बसला. स्टेनलेसची टाकी, वरून चकाचक, पण चारी बाजूंनी फोम ओतून बसवलेली आणि तळाला वेल्डिंगच्या कडेने टाचणीएवढी भोकं. फोममधे खारं पाणी अडकून राहतं, हवा लागत नाही, अशा जागी स्टेनलेससुद्धा सडतं.

आधी एका फॅब्रिकेटरकडे गेलो, त्याने माप न घेताच रेट सांगितला आणि टेस्टिंगचं विचारलं तर म्हणे कंप्रेसर लावून बघू. तिथून परत फिरलो.

बेतीच्या वर्कशॉपवाल्या मेस्तांनी मात्र आधी बोट बघायला येतो म्हटलं. आले, आणि पहिलं काम काय तर पुठ्ठ्याची टाकी बनवली, 90 बाय 50 बाय 30 सेंटीमीटर, आणि ती हॅचमधून (डेकवरच्या झाकणाच्या तोंडातून) आत घालून बाहेर काढून बघितली. म्हणाले, डेक बसल्यावर टाकी बाहेर निघाली नाही तर उद्या परत डेक कापणार का तुम्ही? आमच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. पहिल्या मापाची अडकली, म्हणून उंची कमी केली.

पत्रा 5083 ग्रेडचा (समुद्रात वापरतात तो) अ‍ॅल्युमिनियम, 4 मिमी, आत दोन बॅफल, म्हणजे डिझेल हिंदकळू नये म्हणून आडवे पडदे, कारण 120 लिटर डिझेल म्हणजे 100 किलो वजन, लाटेवर ते आपटत राहिलं तर वेल्डिंग उघडतं. सगळी कनेक्शनं वरून, खालून एकही भोक नाही. पितळेचा व्हॉल्व्ह अ‍ॅल्युमिनियमला थेट लावला नाही, मधे स्टेनलेसचं निपल (छोटी जोडनळी) दिलं, नाहीतर दोन धातूंमुळे अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. खाली निओप्रिनच्या पट्ट्या, त्यासुद्धा चिकटवून, म्हणजे तळाला पाणी साचत नाही, हवा खेळती राहते.

टेस्ट आमच्यासमोर केली, फक्त 0.2 बार हवा आणि साबणाचं पाणी. मला वाटलं एवढंच? पण मोठ्या बाजूवर हिशोब करून बघा, 900 किलोच्या आसपास जोर येतो! कंप्रेसरचं पूर्ण प्रेशर दिलं असतं तर टाकी फुगून फाटलीच असती. एका कोपऱ्यात बुडबुडे आले, तिथे परत वेल्ड मारून परत टेस्ट.

तक्रारी दोन. सांगितलेल्या तारखेपेक्षा तीन आठवडे उशीर झाला, फोन केल्याशिवाय स्वतःहून काही कळवत नाहीत. आणि डेकवरच्या फिलरपासून टाकीपर्यंतची अर्थिंग वायर जोडलीच नव्हती, भावाच्या लक्षात आलं म्हणून बरं, तेवढं तुम्ही स्वतः तपासा. व्हेंट पाईपचं (टाकीतली हवा बाहेर जाते त्या नळीचं) तोंड मात्र त्यांनीच उंच नेऊन खाली वळवून दिलं.

पैसे लोखंडी टाकीपेक्षा बरेच जास्त गेले पण मला पटले. पेट्रोलची टाकी ते करत नाहीत, सरळ नाही सांगतात, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, बिल्जमधे, म्हणजे बोटीच्या तळात साचते आणि एक ठिणगी पुरते, तेव्हा आउटबोर्डवाल्यांनी (बाहेर लावायच्या पेट्रोल इंजिनवाल्यांनी) दुसरीकडे बघावं. बाकीच्यांनी ऑर्डर एप्रिलमधेच द्या, 1 जूनला मासेमारी बंद झाली की सगळे ट्रॉलरवाले तिथे रांगेत असतात.