लिथियमचे दहा महिने (अन् वहीचा फायदा)

मले बायपोलर आहे (मन कधी तेजीत चढते, कधी उदासीत बुडते, असा आजार), यवतमाळ जिल्ह्यात तीन एकर ओलिताचं वावर आहे, दिवाळीनंतर त्यावरची लिथियमची गोळी सुरू केली त्याले दहा महिने झाले म्हणून लिहितो.

आधी दोन वर्षं ओलान्झापिन अन् व्हॅलप्रोएट ह्या गोळ्या होत्या. तेजी उतरली हे खरं (तेजी म्हणजे रात्री तीन वाजता शेजाऱ्याच्या वावरात डवरा जुंपला होता मी, अन् उधारीवर दोन मोटरपंप आणले, जाऊ द्या). पण वजन 58 चं 71 झालं, सकाळी नऊपर्यंत डोळे उघडत नव्हते. तेव्हाचे डॉक्टर विचारायचे कसं आहे, मी म्हणायचो बरं आहे साहेब, की झालं, दोन मिनिटात बाहेर. मग मीच गुपचूप गोळी अर्धी केली अन् पुन्हा चढलो. चूक माझीच, पण मागं चाळीस पेशंट उभे असले की तोंड उघडते कोण.

दुसऱ्या डॉक्टरकडे, एका मॅडमकडे, जाताना बायकोनं पोराच्या जुन्या वहीत सगळं लिहून घेतलं, झोप, खर्च, वजन, अन् कोणत्या आठवड्यात वावरातली लाइन (वीज) रात्रीची होती ते. मॅडम त्या लाइनवरच थांबल्या. हरभऱ्याले ओलीत करायचं त थ्री फेज रात्री येते, मी आठवड्यातून चार रात्री जागतो, हे मी आजवर कोणालेच सांगितलं नव्हतं, आजाराशी त्याचा काय संबंध म्हणून! त्या म्हणाल्या, झोप मोडली की तेजी उसळू शकते, आधी हे बंद. आता रात्रीचं ओलीत भाऊ करते.

मग गोळ्यांचं बोलणं. लॅमोट्रिजिन ही गोळी उदासीसाठी चांगली पण तेजी रोखायले तेवढी नाही, डोस हळूहळू वाढवा लागते अन् अंगावर पुरळ आलं त लगेच दाखवायचं. लिथियमनं वजन वाढू शकते पण सहसा ओलान्झापिनएवढं नाही, मात्र रक्तातलं लिथियम तपासत राहा लागते, शिवाय किडनी अन् थायरॉइड सहा महिन्यांनी. मी लिथियम म्हटलं.

रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. रात्री नऊले गोळी म्हणजे सकाळी नऊले लॅबमध्ये, त्यासाठी साडेसहाची एसटी. एकदा लॅबवाला म्हणे कधीही चालते, दुपारी चार वाजता घेतलं, लिथियम कमी, 0.4 आलं. मॅडमनी पहिले वेळ विचारली अन् पुन्हा घ्यायले लावलं, 0.7 निघालं. नाही त डोस उगाच वाढला असता.

खरा घोळ मे महिन्यात. 45 डिग्रीत वखरणी, कंबर धरली, गावातल्या एकानं दुखण्याची गोळी दिली, डायक्लोफेनॅक. चार दिवसात हात लटलट, हगवण, चालताना झोकांड्या. रक्तातलं लिथियम 1.6, लय जास्त. घाम गेला, पाणी कमी पडलं अन् वरून ही गोळी, तिन्हीनं लिथियम रक्तात साचते. मॅडमनी दोन दिवस बंद ठेवलं, सलाइन लावली, मग कमी डोसवर सुरू केलं. आता दुखलं त पॅरासिटामॉल, तेही विचारून. मीठ एकदम सोडायचं नाही, हेही तेव्हाच कळलं.

वजन 66. तहान लय लागते, रात्री दोनदा उठतो. हात थोडा कापतेच, जूनमध्ये सरकी टोबताना एका जागी चार दाणे पडायचे, बायको मागून वेचत यायची अन् हसायची.

माय रोज विचारते, "आता बरा आहे न तू, त मंग गोळ्या कायले खातं?" मले नीट सांगता येत नाही. पोळा झाला की तारीख आहे, तिलेच सोबत नेतो, वहीत तिचाच प्रश्न पहिला लिहिला आहे.