पोटगी: एकरकमी की दरमहा?
हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 25 खाली कायमची पोटगी दोन प्रकारे मिळू शकते: एकदाच ठोक रक्कम, किंवा हप्त्याने, बहुधा दरमहा. आकडा ठरवताना न्यायालय दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, वागणूक आणि एकूण परिस्थिती पाहतं. पती असो वा पत्नी, अर्ज कोणीही करू शकतं.

दरमहा पोटगीची खरी ताकद म्हणजे ती बदलून मागता येते. परिस्थिती पालटली, की वाढीसाठी अर्ज करता येतो. 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात महिना 50,000 रुपये ठरवताना दर दोन वर्षांनी 5 टक्के वाढ आदेशातच घातली. दुखणं आहे ते वसुलीचं. समोरच्याने दोन-तीन महिने थकवले की पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. घरभाडं आणि शाळेची फी मात्र थांबत नाही. म्हणून त्याच्या स्थावर मालमत्तेवर पोटगीचा बोजा, म्हणजे थकबाकी त्या मालमत्तेतून वसूल करण्याचा हक्क, चढवून मागा. याच कलमात ती सोय आहे. पोटगी घेणाऱ्याने पुनर्विवाह केल्यास मात्र पोटगीचा आदेश बदलू किंवा रद्द होऊ शकतो.

एकरकमीत हा पाठपुरावा नाही. ठोक रक्कम ही भांडवली प्राप्ती, म्हणजे उत्पन्न नव्हे, म्हणून करमुक्त, असं मुंबई उच्च न्यायालयाने म्हटलं आहे; मासिक रक्कम उत्पन्नात धरली. महागाईचा भार मात्र घेणाऱ्यावरच.

समोरच्याचा रोखीचा धंदा असेल, तर मी एकरकमीच सुचवेन. पगारदार, कायम नोकरीतला असेल आणि तुमचं वय कमी असेल, तर दरमहा, वाढीच्या अटीसह.