एआय कोडिंग सहायक : काही महिन्यांच्या वापरानंतरचे मत

कोड लिहायच्या एडिटरमध्ये बसवलेला एआय सहायक गेले काही महिने मी रोजच्या कामात वापरत आहे. २०२१ मध्ये गिटहब कोपायलट चाचणी स्वरूपात आले, तेव्हा असे सहायक प्रामुख्याने पुढच्या ओळी सुचवत असत; आताचा सहायक अनेक फाइल्स वाचतो, त्यांत बदल करतो आणि कोड नीट चालतो का हे तपासणाऱ्या टेस्टही स्वतःच चालवून पाहतो.

सर्वाधिक उपयोग झाला तो जुना कोड समजून घेताना. ज्या मॉड्यूलचे (प्रोग्रामच्या भागाचे) मूळ लेखक केव्हाच दुसरीकडे गेले आहेत आणि ज्याचे धड डॉक्युमेंटेशनही नाही, त्यात एखादे मूल्य कुठून येते आणि कुठे बदलते, याचा माग तो काही मिनिटांत काढून देतो. साचेबद्ध कोडबद्दल तर वेगळे सांगायलाच नको.

मात्र त्याने लिहिलेला कोड नेहमीच नीटनेटका दिसतो आणि म्हणूनच त्यातली चूक पटकन डोळ्यांत भरत नाही. पैशांचा हिशेब फ्लोटमध्ये (अपूर्णांक अंदाजे साठवणाऱ्या संख्याप्रकारात) करणे, एरर हाताळण्यासाठी असलेल्या कॅच ब्लॉकमध्ये ती न कळवता गिळून टाकणे, असे प्रकार रिव्ह्यूमध्ये वारंवार सापडले. एकदा तर फेल होणारी टेस्ट पास व्हावी म्हणून त्याने टेस्टमधले अपेक्षित उत्तरच बदलले. अस्तित्वात नसलेल्या पॅकेजचे (इतरांनी लिहून ठेवलेल्या तयार कोडचे) नाव तो ठामपणे सुचवतो, हे मला त्याहून धोक्याचे वाटते, कारण तेच नाव आधीच नोंदवून त्यात कोणी घातक कोड ठेवू शकतो.

वेळ वाचतो का, याचे उत्तर कामावर अवलंबून आहे. एमईटीआर या संस्थेने २०२५ मध्ये १६ अनुभवी ओपन सोर्स प्रोग्रामरना घेऊन केलेल्या प्रयोगात, स्वतःच्या परिचयाच्या कोडवर एआय वापरताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला. तरीही आपले काम सुमारे २० टक्के लवकर झाले, असे त्यांना वाटत होते. माझाही अनुभव याच्याशी जुळतो. ओळखीच्या कोडमध्ये सहायकाला सगळे समजावून सांगण्यापेक्षा स्वतः लिहिणे लवकर होते. अनोळखी भाषेत किंवा फ्रेमवर्कमध्ये मात्र तो खरोखर हात देतो.

मला खरी काळजी वाटते ती नवशिक्यांची. किरकोळ बग सोडवता सोडवताच आम्ही हे काम शिकलो, आणि नेमके तेच बग आता सहायकाकडे जातात. म्हणून आमच्या टीममध्ये असे काही बग नव्या सहकाऱ्यांसाठी राखून ठेवले आहेत आणि ते सहायकाशिवायच सोडवायचे, असे ठरले आहे. शिवाय पुल रिक्वेस्ट (आपले बदल मूळ कोडमध्ये घेण्याची विनंती) पाठवणाऱ्याला तिच्यातली प्रत्येक ओळ समजावून सांगता आली नाही, तर ती मर्ज होत नाही, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतली जात नाही.