कंबोडियन की सुदानी? अमेरिकेत फील्डवर्कसाठी समाज निवडताना

अमेरिकेत एमएसडब्ल्यू, पब्लिक हेल्थ किंवा समाजशास्त्र शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींना कधी ना कधी ठरवावं लागतं की फील्डवर्क कुठल्या समाजात करायचं. निर्वासित म्हणून आलेल्यांच्या यादीत कंबोडियन आणि सुदानी ही दोन नावं बरेचदा असतात. मग हिशेब होतो तो असा: दोघेही युद्धातून आलेले, दोघेही गरीब, तेव्हा जे जवळ पडेल ते घ्या. मला हा हिशेब पटत नाही. समाज किती गरीब आहे यापेक्षा त्याची गरिबी कशाने टिकून राहिली आहे, हे पाहून निवडलेलं बरं. आणि नेमकं तिथेच हे दोन समाज एकमेकांपासून फार लांब आहेत.

आधी कोण कसं आलं ते पाहू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

एप्रिल 1975 मध्ये ख्मेर रूज या कम्युनिस्ट बंडखोरांनी कंबोडियाची राजधानी नोम पेन्ह ताब्यात घेतली. जानेवारी 1979 मध्ये व्हिएतनामी फौजांनी त्यांना हुसकावेपर्यंत उपासमार, आजार, सक्तीची मजुरी आणि सरळ कत्तल यांत देशातली साधारण चौथाई माणसं गेली. शिक्षक, डॉक्टर, वकील यांना वेचून मारलं गेलं. जे वाचले ते थायलंडच्या सीमेवर खाओ-इ-दांगसारख्या छावण्यांमध्ये राहिले आणि तिथून, 1980 च्या निर्वासित कायद्यानंतर मोठ्या संख्येने, अमेरिकेत आले. नव्वदीच्या मध्यापर्यंत हा आकडा दीड लाखाच्या आसपास गेला आणि मग ओघ जवळपास थांबला. म्हणजे एका ठरावीक काळात, बहुतांशी खेड्यांतून आलेला, शिकलेला वर्ग गमावून बसलेला हा समाज आहे. आज त्यातली तिसरी पिढी शाळेत जाते.

‘सुदानी’ म्हटलं की मात्र एकाच नावाखाली किमान तीन समाज येतात. पहिले दक्षिणेचे: दिन्का, नुएर आणि इतर जमातींचे, बहुतेक ख्रिस्ती, 1983 ते 2005 च्या यादवी युद्धातून सुटलेले. ‘लॉस्ट बॉइज’ म्हणून ओळखली गेलेली मुलं यांतलीच. आधी चालत इथिओपियात, 1991 मध्ये तिथूनही पळ, मग केनियातली काकुमा छावणी, आणि 2000-01 च्या सुमारास त्यांतले साडेतीन हजारांहून अधिक तरुण अमेरिकेत. दुसरे राजधानी खार्टूम आणि उत्तरेचे: अरबी बोलणारे मुसलमान, बऱ्याच जणांकडे पदवी, अनेक जण ग्रीन कार्ड लॉटरीतून आलेले. तिसरे पश्चिमेकडच्या दारफूरचे, 2003 पासूनच्या हत्याकांडातून वाचलेले. इंडियाना राज्यातलं फोर्ट वेन हे त्यांचं मोठं ठाणं. 2011 मध्ये दक्षिण सुदान वेगळा देश झाला, पण त्याआधी आलेल्यांच्या कागदांवर जन्मदेश ‘सुदान’च आहे. तेव्हा ‘सुदानी लोकांचं सरासरी उत्पन्न’ असं काही वाचलंत, तर ते नेमकं कोणाचं हे आधी विचारा.

सरासरीबद्दल आणखी थोडं, कारण थिसिसमध्ये इथेच पाय घसरतो. 1990 च्या जनगणनेत कंबोडियन लोकांपैकी शेकडा 42 च्या वर दारिद्र्यरेषेखाली होते. 2000 मध्ये हे प्रमाण 29 वर आलं आणि आता ते अमेरिकेच्या सर्वसाधारण प्रमाणाच्या जवळपास आहे. वाचून वाटेल, चला, सुटला प्रश्न. पण शिक्षण पाहा: पंचवीस वर्षांवरच्या कंबोडियन प्रौढांत पदवीधर पाचांत एकाच्या आसपास. अमेरिकेतल्या भारतीयांत हेच प्रमाण चारांत तीन आहे. घराचं उत्पन्न वाढलं ते एका छताखाली तीन-चार जण कमावतात म्हणून. दरडोई भागलं की चित्र फिकं पडतं. शिवाय ‘एशियन’ या एकाच चौकटीत आपल्यासारख्या व्हिसाच्या गाळणीतून आलेल्या इंजिनियरांबरोबर त्यांची मोजदाद होते, आणि आपला पगार त्यांची गरिबी झाकून टाकतो. हे मराठी विद्यार्थ्याला जरा टोचायला हवं.

सुदान्यांमध्ये, निदान उत्तरेकडच्यांमध्ये, गणित उलटं आहे. पदवी आहे, तिला साजेसा पगार नाही. खार्टूमला डॉक्टर असलेल्या माणसाला इथे यूएसएमएलई या डॉक्टरी परवान्याच्या परीक्षा, मग रेसिडेन्सी म्हणजे इस्पितळातलं प्रशिक्षण, आणि तोवर घर चालवायला टॅक्सी, गोदाम किंवा नर्सिंग होममधलं काम. त्यात एप्रिल 2023 मध्ये सुदानचं लष्कर आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं आणि खार्टूममधली विद्यापीठंच लढाईत सापडली. जुनी प्रमाणपत्रं पडताळून आणायची तर कार्यालयात माणूस हवा ना! दक्षिणेकडच्यांचं आणखी वेगळं. छावणीत शिकलेलं इंग्रजी बरं असतं, पण हाताला काम मिळतं ते मांस कापण्याच्या कारखान्यात. हे दोघे एका सरासरीत घातले की जो माणूस तयार होतो, तो कुठेच राहत नाही.

काम कुठे, कसं

दक्षिण कॅलिफोर्नियातली डोनटची दुकानं हा कंबोडियन लोकांचा धंदा. 1975 मध्ये निर्वासित म्हणून आलेल्या टेड नॉय यांनी एका साखळी-दुकानात काम शिकून स्वतःचं दुकान घेतलं, मग एकामागून एक घेत गेले आणि नव्याने येणाऱ्या कुटुंबांना ती चालवायला दिली. पुढे जुगारात त्यांनी सगळं घालवलं, पण धंदा समाजात रुजला तो रुजलाच. दुकान कसं चालतं ते जवळून पाहण्यासारखं आहे. मध्यरात्रीनंतर नवरा पीठ मळून, फुगवून तळायला घेतो. पहाटे बायको काउंटरवर येते. शाळेआधी मुलं गुलाबी खोके घडी घालून रचतात. कोपऱ्यात छोटं देवघर, त्यात बुद्धासमोर कधी कॉफीचा कप, कधी डोनट. पगारी माणूस ठेवला तर नफा उरत नाही, म्हणून घरचेच राबतात आणि त्यांचे तास कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत. भांडवल बँकेचं नसतं, भिशीचं असतं. कंबोडियन लोक तिला ‘तोंगतीन’ म्हणतात. आपल्याकडच्या लिलाव भिशीशी ती बरीच जुळते. आता मूळ मालक म्हातारे झाले आणि मुलांना रात्री दोनला उठायचं नाही, त्यामुळे दुकानं विकली जाताहेत. ज्यांच्याकडे दुकान नव्हतं ते कारखान्यांत गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलला इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीची कामं होती. वँग ही तिथली मोठी संगणक कंपनी 1992 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि शहराचाच कणा मोडला.

दक्षिण सुदानी लोकांचं सगळ्यात मोठं केंद्र नेब्रास्कातलं ओमाहा. तिथे आणि साऊथ डकोटातल्या सू फॉल्सला कत्तलखान्यातलं काम इंग्रजी फारसं न येता मिळतं आणि तासाचा दर दुकानातल्या कामापेक्षा चांगला असतो. थंडगार हॉल, सरकता पट्टा, हातात सुरी, दिवसभर तीच एक हालचाल. मनगट आणि खांदा जातो. एप्रिल 2020 मध्ये सू फॉल्सच्या कारखान्यात करोनाचा मोठा उद्रेक झाला, तेव्हा देशाचं थोडं लक्ष तिकडे गेलं, मग पुन्हा गेलं नाही. आणि गंमत अशी, की भिशी इथेही आहे. सुदानी बायकांचा ‘संदूक’ अगदी तसाच चालतो: दर महिन्याला ठरलेली रक्कम आणि आळीपाळीने उचल. फरक असा, की डोनटवाल्याच्या भिशीतून दुकान उभं राहिलं. संदुकातला पैसा बराचसा देशाबाहेर जातो.

हा बाहेर जाणारा पैसा समजून घेतल्याशिवाय सुदानी कुटुंबाची अर्थव्यवस्था कळणार नाही. अमेरिकेने 1997 ते 2017 सुदानवर व्यापक आर्थिक निर्बंध ठेवले, त्यामुळे सरळ बँकेतून पैसे पाठवायची सवयच लागली नाही. मध्यस्थांमार्फत पैसे पोहोचवायची हवाला पद्धत चालत आली. युद्ध पेटल्यावर नोटांचा तुटवडा झाला. आता इथला नातेवाईक डॉलर एका मध्यस्थाला देतो, तिकडचा त्याचा माणूस ‘बँकक’ या बँक ऑफ खार्टूमच्या अ‍ॅपवरून सुदानी पौंड वळते करतो, आणि घरची बाई त्याच अ‍ॅपने वाण्याचं बिल भागवते. जिथे नेटवर्क पडलं आहे तिथे कोणाच्या तरी स्टारलिंकवर बसून, तासाचे पैसे मोजून. प्रत्येक पायरीवर कमिशन. ओमाहातल्या घराचं भाडं थकलं की सोशल वर्कर खर्चाचा तक्ता काढायला सांगते; या खर्चाला त्यात रकानाच नसतो. दिन्का आणि नुएर घरांत लग्नात गुरं देण्याची रीत आहे, तिचाही वाटा इथल्या पगारातून जातो. त्याला ‘अनाठायी खर्च’ म्हणण्याआधी आपल्या गावाकडच्या लग्नांचा हिशेब आठवावा.

मनावरचे घाव आणि कायद्याची टांगती तलवार

2005 मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या कंबोडियन निर्वासितांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. येऊन दोन दशकं उलटल्यावरही शेकडा 62 जणांत आघातानंतरच्या तणावविकाराची, म्हणजे पीटीएसडीची, लक्षणं होती आणि 51 जणांना गंभीर नैराश्य होतं. ही माणसं आता आजी-आजोबा आहेत. मधुमेह, रक्तदाब, झोप न लागणं, आणि नातवंडांशी धड बोलता न येणं, कारण त्यांची ख्मेर भाषा आणि मुलांची इंग्रजी यांची गाठच पडत नाही. हे संथ काम आहे. एका सेमिस्टरमध्ये हाताला काही लागत नाही.

त्यांची कायद्याची अडचणही जुनीच. छावणीत जन्मलेली काही मुलं ऐंशी-नव्वदीत गँगमध्ये अडकली, शिक्षा भोगून बाहेर आली, पण नागरिकत्व घेतलेलं नव्हतं. 1996 च्या कडक कायद्यानंतर आणि 2002 मध्ये कंबोडियाशी झालेल्या करारानंतर अशांना परत पाठवणं सुरू झालं, तेही त्यांनी कधी पाहिलाच नाही अशा देशात. बाकीचा समाज मात्र बहुतांश नागरिक आहे, मत देतो. लोवेलमध्ये मतदानपद्धतीविरुद्ध खटला भरून 2019 मध्ये तडजोड घडवली, वॉर्डवार निवडणूक आणली आणि जानेवारी 2022 मध्ये सोखारी चाउ महापौर झाले, अमेरिकेतले पहिले कंबोडियन वंशाचे महापौर.

सुदान्यांचे घाव अजून भरायला लागलेलेच नाहीत. ऑक्टोबर 2025 मध्ये दारफूरमधलं एल फाशेर शहर आरएसएफच्या हाती पडलं, तेव्हा फोर्ट वेनमधल्या घरांत लोक फोन धरून बसले होते. कागदपत्रांचा तर रोज नवा पेच. एप्रिल 2025 मध्ये दक्षिण सुदानी पासपोर्टवरचे सगळे व्हिसा रद्द झाले, जूनमध्ये सुदानवर प्रवासबंदी आली, आणि निर्वासितांची वार्षिक मर्यादा 1,25,000 वरून 7,500 वर उतरली. बायको-मुलांना आणायचं कसं, हाच प्रश्न सगळ्यात आधी येतो. त्यातून दक्षिण सुदानमधल्या 2013 नंतरच्या दिन्का-नुएर संघर्षाची सावली ओमाहातही पडली. एका गटाच्या चर्चमधून तुम्ही सुरुवात केलीत, की दुसरा गट तुम्हाला त्यांचंच माणूस समजतो. तरी राजकीय चुणूक दिसते आहे: 2017 मध्ये माझाहिर सालिह आयोवा सिटीच्या नगर परिषदेवर निवडून आल्या.

मग निवडायचं काय

तुम्हाला समुपदेशन, वृद्धांचं आरोग्य किंवा कॉलेजला पोहोचणारी पहिली पिढी यांत रस असेल, तर कंबोडियन समाज. लाँग बीचची युनायटेड कंबोडियन कम्युनिटी 1977 ची, लोवेलची कंबोडियन म्युच्युअल असिस्टन्स असोसिएशन 1984 ची. ऑफिस आहे, दुभाषे आहेत, आणि तुमच्या विद्यापीठाला लागणारा एमएसडब्ल्यू झालेला फील्ड इन्स्ट्रक्टरही मिळू शकतो. एक इशारा: लाँग बीचवर इतकं संशोधन झालं आहे की नवी प्रश्नावली घेऊन येणाऱ्याला लोक कंटाळले आहेत. नवीन काही करायचं असेल तर लोवेलला जा. बॉस्टनहून लोकल ट्रेनने तासाच्या आत पोहोचता.

इमिग्रेशनचे अर्ज, पदव्यांची मान्यता, कामगार हक्क, घरखर्चाचं नियोजन, यांपैकी काही येत असेल तर सुदानी समाजात तुमचा उपयोग पहिल्याच महिन्यात होईल. अरबी येत असेल तर सोन्याहून पिवळं. पण संस्था लहान, बहुतेक चर्च किंवा मशिदीच्या आधाराने, कामावरून सुटलेल्यांनी संध्याकाळी चालवलेल्या. सुपरवायझर विद्यापीठाच्या नियमात बसेलच असं नाही. तो बाहेरून मिळवावा लागेल, आणि तेवढी धावपळ जमत नसेल तर हा पर्याय सोडा. ओमाहाला गाडीशिवाय हात-पाय बांधल्यासारखं होतं. आयोवा सिटी विद्यापीठाचं गाव असल्याने बसवर भागतं, शिवाय तिथे उत्तरेकडचे सुदानी भेटतात आणि स्थलांतरित कामगारांसाठी काम करणारं सेंटर फॉर वर्कर जस्टिसही आहे. मला स्वतःला निवडायला सांगितलं तर मी हेच घेईन, कारण पदवी असून अडलेल्या माणसाची कोंडी आपल्या मुलांना चटकन कळते.

दोन्हीकडे, एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असाल तर बिनपगारी फील्डवर्कलाही सीपीटी, म्हणजे अभ्यासक्रमातल्या प्रत्यक्ष कामाची परवानगी, लागेल का, हे विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसकडून लेखी विचारून घ्या, आणि उत्तर हातात आल्यावरच संस्थेला होकार कळवा.