आठ तासांचं रेकॉर्डिंग एका डिस्कमध्ये कोंबलं आणि वर ६,४५० रुपये घेतले

रक्कम आधीच सांगतो, म्हणजे "एवढ्याशा पैशांसाठी एवढं लिहिलंत?" असं म्हणणाऱ्यांना पुढे वाचायचे कष्ट नकोत. घरच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट (व्हीएचएस) डिस्कवर उतरवायला एका दुकानात दिल्या होत्या. चार कॅसेट, प्रत्येकी ९०० प्रमाणे ३,६००. त्यातल्या तीन कॅसेटना बुरशी लागलीय म्हणून साफसफाई, ३५० प्रमाणे १,०५०. मेनू आणि छापील कव्हरसकट डीव्हीडी बनवण्याचे ६००. 'ओरिजिनल क्वालिटी मास्टर' अशा भारदस्त नावाच्या पेनड्राइव्हचे १,२००. एकूण ६,४५०. त्यातले ३,००० आगाऊ यूपीआयने दिले आणि उरलेले ३,४५० रोख, कारण नेमकं डिस्क घ्यायला गेलो तेव्हा "काका, सर्व्हर डाउन आहे". सर्व्हर डाउन असेल तर दुसऱ्या दिवशी जा, पण रोख देऊ नका. पावती मागितली तर साध्या पॅडवर आकडे खरडून दिले, ना जीएसटी नंबर, ना शिक्का.

कॅसेटमध्ये होतं आमचं १९९६ चं लग्न, मुलीचं बारसं आणि सासऱ्यांची एकसष्टी. मिळून आठ तास. घरचा व्हीसीआर केव्हाच भंगारात गेला. नवा आणायचा तर कुठून? जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी म्हणून ओळखली जायची, तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केलं. त्यामुळे "दुकानात दिलंतच कशाला" हा शहाणपणा कृपया नको.

आता तो क्षण. काउंटरवर मी स्वतःच्या तोंडाने विचारलं होतं, "किती डिस्क होतील?" पोरगा मोबाइलमधून मान वर न करता म्हणाला, "एकच. काका, आता कॉम्प्रेशन कुठल्या कुठे गेलंय." कॉम्प्रेशन म्हणजे व्हिडिओ दाबून कमी जागेत बसवणं.

आणि मी मान डोलावली! मी! २००५ च्या सुमारास दोन थरांच्या साडेआठ जीबीच्या डीव्हीडी ४.७ जीबीच्या साध्या डिस्कवर बसवण्यात रात्री घालवलेला माणूस. दोन तासांचा सिनेमा बसवतानासुद्धा आधी नको त्या भाषांचे ऑडिओ उडवायचे, मुलाखती आणि ट्रेलर काढायचे, मगच चित्राला हात लावायचा, हे मी चार मित्रांना शिकवलंय. ४.७ जीबीत एक तास ठेवला तर चित्राच्या दर सेकंदाला जवळपास १० मेगाबिट जागा मिळते, ह्यालाच बिटरेट म्हणतात; तो जितका जास्त तितकं चित्र स्वच्छ. दोन तास ठेवले तर पाच, आणि तेवढ्यात घरगुती रेकॉर्डिंग छान दिसतं. आठ तास कोंबले तर आवाज धरून जेमतेम १.३. जुनी व्हीसीडी आठवते? ती १.३७ वर चालायची आणि त्यात एक सिनेमा दोन डिस्कवर यायचा. म्हणजे मला व्हीसीडीपेक्षाही पातळ माल मिळणार होता, आणि हा हिशोब मला तिथे काउंटरवर बोटांवर करता आला असता.

पण त्या पोराचं वाक्य धड खोटंही नव्हतं, म्हणून तर गळी उतरलं. मोबाइलवरचे व्हिडिओ खरंच लहान जागेत मावतात. कॉम्प्रेशन पुढे गेलंय, डीव्हीडी नाही गेली. घरच्या डीव्हीडी प्लेअरमध्ये चालणारी डिस्क म्हटली की त्यात एमपेग-२ हीच कॉम्प्रेशनची पद्धत असते, नव्वदच्या दशकातली. नवं तंत्र त्यात घालताच येत नाही. दुकानात उभं असताना, मागे रांग असताना, दिवाळीला सासरची मंडळी येणार असताना हे कोणाला सुचतं? "कॉम्प्रेशन" हा शब्द कानावर पडला की विचारा: किती तास, किती डिस्क, कुठला फॉरमॅट. उत्तर आलं नाही तर कॅसेट उचला आणि बाहेर पडा.

डिस्क घेताना दुकानात लावूनही पाहिली होती, अगदीच बावळट समजू नका. लहानसा मॉनिटर, आणि सुरुवातीची पाचेक मिनिटं चकाचक. गणपतीची मूर्ती, रांगोळी, सनईवाले. घरी येऊन कळलं की चांगला बिटरेट तेवढ्याच भागाला दिलाय, पुढचं सगळं उपाशी. नमुना बघायचा तर मधला बघा, तोही मोठ्या टीव्हीवर.

दिवाळीत सगळे जमले आणि डिस्क लावली. मंगलाष्टकं संपली, "सावधान" झालं, अक्षता उडाल्या आणि पडद्यावर नुसते चौकोन. नवरा नाही, नवरी नाही, अंतरपाटसुद्धा नाही. कॉम्प्रेशनचं गणितच असं आहे की जे हलत नाही त्याला जागा कमी लागते आणि शेकडो दाणे एकदम वेगवेगळ्या दिशांना उडाले की सगळ्यात जास्त. तीच जागा ह्यांनी वाचवली होती. हिच्या आत्याने विचारलं, "केबल गेली का?" ही काही बोलली नाही. कन्यादानाच्या वेळी सासऱ्यांचा चेहरा म्हणजे फिकट चौकोनात दोन काळे ठिपके. ते आता नाहीत. त्यांचं हलतं चित्र ह्या कॅसेटमध्येच काय ते होतं.

मग तो 'मास्टर' पेनड्राइव्ह लावला. आत डिस्कवरच्याच व्हीओबी फाइली (डीव्हीडीत व्हिडिओ ज्यात असतो त्या), एकाला एक चिकटवून. आकार ४.३ जीबी, हुबेहूब डिस्कवरच्या फाइलींइतका. आठ तासांचं नीट घेतलेलं डीव्ही रेकॉर्डिंग (फारसं न दाबलेला डिजिटल व्हिडिओ) १०० जीबीच्या वर जातं. १,२०० रुपये कशाचे, तर कॉपी-पेस्टचे.

हे सगळं पुन्हा करून घेता आलं असतं, कॅसेट हातात असत्या तर! त्या "मुंबईच्या लॅबमध्ये" होत्या, मग "येतायत", आणि शेवटी "बुरशीवाल्या टेप आम्ही नष्ट करतो, पावतीच्या मागे लिहिलंय". मागे काहीही लिहिलेलं नाही. बरं, बुरशी तीनच कॅसेटना होती ना? मग चौथी कुठे गेली? ह्याला आजतागायत उत्तर नाही. मूळ कॅसेट ताब्यात आल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नका, मग समोरचा कितीही गोड बोलो.

पोलीस चौकीत गेलो. साहेब म्हणाले, "सीडी मिळाली ना? चालते ना? मग फसवणूक कुठली?" मी म्हटलं, डीव्हीडी. त्यावर ते हसले. भारतीय न्याय संहितेचं ३१८ कलम फसवणुकीचं, आणि कॅसेट विश्वासाने सोपवलेल्या, तर ३१६ विश्वासघाताचं, असं सांगितलं तर म्हणाले, "काका, कलमं आम्हाला शिकवू नका, दिवाणी बाब आहे." अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर शिक्का असलेले साहेब बंदोबस्ताला. बँकेत गेलो, तिथे म्हणे व्यवहार तुम्हीच मंजूर केलाय. ऑनलाइन तक्रार केली, तर "तक्रारदारास वस्तू प्राप्त" असा शेरा मारून बंद! वस्तू प्राप्त झाली हे मीच लिहिलं होतं, त्याच्या पुढची तीन पानं कोणी वाचायची? म्हणजे रिकामा डबा दिला असता तर मी फसलो असतो, चौकोन भरून दिले म्हणून नाही. एका वकिलाने १५,००० सांगितले, ६,४५० च्या भांडणासाठी.

वकील लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे जिल्हा आयोगात स्वतः तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. हे मला तिन्ही ठिकाणी एकाही माणसाने सांगितलं नाही. तक्रार दाखल केलीय. यूपीआयची नोंद आहे म्हणून निदान ३,००० तरी सिद्ध होतील. रोख दिलेल्या ३,४५० ना काय पुरावा, ते खरडलेलं पॅडाचं पान.

परवा सांगलीहून मावसबहिणीचा फोन आला. लग्नाच्या पहिल्या कॅसेटची एक प्रत तिच्या माळ्यावर आहे म्हणे. सांगितलंय, कुरिअर करू नकोस, कोणाबरोबर पाठवू नकोस, मी स्वतः येऊन नेतो. आता असा माणूस शोधतोय जो माझ्यादेखत ती चालवेल. कॅसेट चालते त्याच वेगाने उतरते, म्हणजे तीन तास. तेवढा वेळ मी त्याच्या मशीनशेजारी खुर्ची टाकून बसणार आहे, त्याला राग आला तरी.