३४९ रुपयांचा लांब चिमटा, आठ महिने सोसायटीच्या सुक्या कचऱ्यात वापरून

आधीच सांगते, हा चिमटा मी बागेतली पानं उचलायला घेतलेला नाही आणि सासूबाईंना वाकायला लागू नये म्हणूनही नाही (बॉक्सवर तेच लिहिलंय, हसऱ्या आजींचा फोटो पण आहे). मी तो कचऱ्यातून वस्तू काढायला घेतला. हो, मुद्दाम. अमेरिकेत लोक सुपरमार्केटच्या मागे ठेवलेल्या मोठमोठ्या लोखंडी पेट्यांत उतरून चांगलं सामान काढतात, डम्पस्टर डायव्हिंग म्हणतात त्याला, त्याचे रील्स रात्री एक वाजेपर्यंत बघून माझ्या डोक्यात किडा वळवळला. नवरा म्हणाला, तू ऐरोलीला आयटीत नोकरी करतेस, लोक काय म्हणतील. मी म्हटलं लोकांनीच टाकलंय ना.

तर वस्तू कशी आहे ते. ८० सेंटीमीटर लांब, मधे घडी होते, एका टोकाला पिस्तुलासारखा खटका, दुसऱ्या टोकाला रबर लावलेले दोन पंजे आणि त्यातल्या एकावर बारीकसं मॅग्नेट. खटका दाबला की आतली वायर ओढली जाते आणि पंजा बंद होतो. दोन किलोपर्यंत उचलतो असं लिहिलंय, ते विसरा. सातशे-आठशे ग्रॅमच्या वर गेलं की घडीचा सांधा लचकतो आणि वस्तू गोल फिरते, एकदा काचेची बरणी अशीच फिरून ड्रमच्या कडेवर आपटली आणि नंतर पाऊण तास मी काचा वेचत होते. पण वही, स्टीलचा डबा, चार्जरची वायर, खेळणी, पुस्तक हे सगळं मस्त येतं. पुस्तक कण्याच्या बाजूने धरायचं, पानांकडून धरलं तर पानं मुडपतात. मॅग्नेट फालतू वाटलेलं पण स्टीलचा चमचा खरा स्टीलचा आहे की लोखंडावर पॉलिश ते ओळखायला भारी पडतं, साध्या चांगल्या स्टीलला सहसा चिकटत नाही, पूर्ण खात्रीचं नाही हे पण अंदाज येतो.

आम्ही घोडबंदर रोडला, वाघबीळच्या बाजूला राहतो, चार विंग, अठ्ठावीस मजले, पोडियमच्या खाली रॅम्पला लागून जाळीच्या दाराची कचरा खोली. ओल्याचे हिरवे ड्रम, सुक्याचे निळे, आणि कोपऱ्यात ड्रममध्ये मावत नाही तो ढीग. खरा माल तिथेच. ड्रममध्ये हात घालायची वेळ मला आठ महिन्यांत फार तर दहा वेळा आली असेल, त्यामुळे चिमटा घेण्याआधी हे समजून घ्या की आपल्याकडे डायव्हिंग असं काही नाहीये, फार तर वाकिंग आहे.

आणि पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट कळली जी कुठल्या रीलमध्ये नव्हती. मी पुठ्ठ्याचा एक भक्कम खोका उचलला, पुस्तकं भरायला हवा होता, तर झाडूवाल्या मावशी मागून म्हणाल्या, "ताई, पुठ्ठ्याला हात नका लावू, आमचा असतोय तो." मला आधी कळलंच नाही. मग त्यांनी नीट सांगितलं की पुठ्ठा, रद्दी, बाटल्या, पत्रा, तांब्याची वायर हे त्या आणि अजून दोघं मिळून वेगळं काढतात, शनिवारी भंगारवाला टेम्पो घेऊन येतो, त्याचे जे पैसे येतात ते तिघांत वाटून घेतात. पगार किती असतो हे मी विचारलं आणि त्यांनी सांगितलं, ते इथे लिहित नाही पण तो आकडा ऐकल्यावर पुठ्ठा मी गुपचूप खाली ठेवला. तेव्हापासून माझा हिशोब सोपा आहे: जे किलोवर विकलं जातं ते त्यांचं, जे नगावर वापरता येतं ते विचारून माझं. मिक्सरचं भांडं चालू असेल तर माझं, मिक्सरची जळलेली मोटर त्यांची कारण आत तांबं असतं.

यामुळे झालं काय की चिमट्यापेक्षा मावशींचा फोन जास्त कामाला आला. "ताई सी विंगचे खाली करतायत, लाकडी रॅक ठेवलाय" एवढंच. भाडेकरार अकरा महिन्यांचे, त्यामुळे महिनाअखेर आली की कोणी ना कोणी घर सोडतंच आणि टेम्पोत मावलं नाही ते खाली. मोठं फर्निचर घंटागाडी नेत नाही, ते हलवायला टेम्पोवाल्याला वेगळे पैसे द्यावे लागतात, त्यामुळे तुम्ही विचारलंत तर टाकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आनंदच दिसतो. माझ्या घरातला बुटांचा रॅक, अभ्यासाचा दिवा, एक अख्खी शिसवी पाटाची जोडी (कोणी टाकते अशी वस्तू!) आणि मुलीची सायकल असंच आलेलं आहे. सायकलला फक्त ट्यूब बदलली.

सीझन असतो याचाही. दिवाळीच्या साफसफाईचे दहा दिवस म्हणजे वर्षाचा हंगाम, भांडी, पडदे, डबे, सगळं. गणपती झाले की दुसऱ्या दिवशी मखराच्या पट्ट्या, लाइटच्या माळा (थर्माकोलवर २०१८ पासून राज्यात बंदी आहे, तरी अजून दिसतो, तो घेऊ नका, काही उपयोग नाही). आणि शाळेचं वर्ष संपलं की अर्ध्या कोऱ्या वह्या, या वेळी मी बेचाळीस वह्यांची कोरी पानं काढून जाड दोऱ्याने शिवली, जूनमध्ये रफ वही विकत घ्यावी लागली नाही. पावसाळ्यात मात्र जाऊ नका, सगळं ओलं आणि वास.

आता माझी फजिती, कारण नवशिक्यांनी हे वाचायलाच पाहिजे. मार्चमध्ये ए विंगच्या लिफ्टबाहेर, कचरा खोलीपासून वीस पावलांवर, एक खोका होता, त्यात पितळी डबे, एक जुना टेबल फॅन आणि वर चुरगाळलेला पेपर. मी धरून चालले की टाकलंय. उचलून घरी आणलं, डबे चिंचेने घासायला पण घेतले, आणि तासाभरात ग्रुपवर सीसीटीव्हीचा फोटो, मी, माझा नायटीवरचा दुपट्टा आणि हातातला हाच चिमटा, खाली "कोणी ओळखता का". शिफ्टिंग चालू होतं, माणूस टेम्पो पुढे लावायला गेला होता. मी डबे परत नेऊन दिले, अर्धे चकचकीत अर्धे काळे, त्या घरच्या काकूंनी हसून घेतले पण ग्रुपवरच्या काहींनी अजून सोडलेलं नाही. तर बाजूला ठेवलेलं म्हणजे टाकलेलं नव्हे. ड्रममध्ये किंवा ढिगात असेल तरच, आणि तरी एकदा विचारायचं.

हे झाल्यावर मी घाबरून मावसभावाला विचारलं, तो ठाणे कोर्टात वकिली करतो. त्याने जे सांगितलं आणि मी नंतर वाचलं ते थोडक्यात असं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्यात चोरी कलम ३०३ मध्ये आहे, जुन्या आयपीसीत (भारतीय दंड संहितेत) ३७८-३७९ होतं ते. दुसऱ्याच्या ताब्यातली वस्तू त्याच्या संमतीशिवाय अप्रामाणिक हेतूने हलवली की चोरी. म्हणजे मी प्रामाणिकपणे समजले की टाकलंय, तर हेतूच नाही. पण ग्रुपवर हेतू कोण बघतो. दुसरं कलम ३१४, सापडलेली वस्तू स्वतःची म्हणून वापरण्याचं, त्यात गंमत म्हणजे कायद्यातच उदाहरण दिलंय की रस्त्यावर रुपया सापडला, कोणाचा माहीत नाही, उचलला तर तो गुन्हा नाही. पण मालक कोण हे कळतंय किंवा सहज कळण्यासारखं आहे आणि तरी ठेवलं तर गुन्हा. म्हणून कचऱ्यात मोबाइल, पाकीट, दागिना सापडला तर तो सापडला म्हणून माझा असं होत नाही, गादीत विसरलेली अंगठी ही टाकलेली अंगठी नसते.

आणि एकदा टाकलं की ते कोणाचंच नाही असंही नाही बरं का. सोसायटीच्या खोलीतला कचरा सोसायटीच्या ताब्यात, म्हणून सेक्रेटरींची तोंडी का होईना परवानगी. सार्वजनिक कुंडीत किंवा महापालिकेच्या गाडीत गेला की १९४९ च्या महापालिका कायद्याप्रमाणे तो महापालिकेचा. दुसरीकडे २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरावेचकांची रीतसर व्याख्या होती, रस्त्यावरून, कुंडीतून पुन्हा वापरण्याजोगं वेचून विकणारी माणसं म्हणून, म्हणजे वेचणं हे काम म्हणून मान्य होतं. रोज पोटासाठी वेचणाऱ्या माणसाला गार्ड हाकलतो आणि माझ्यासारखीला हौस म्हणून चालतं, हे मला आठ महिन्यांत चार-पाच वेळा दिसलंय आणि दर वेळी लाज वाटलीय.

मॉल आणि सुपरमार्केटच्या मागे जायचा विचार डोक्यातून काढा. मी एकदा बघून आले, नुसतं बघून. गेट, गार्ड, कॅमेरा, आणि सगळा कचरा ठेकेदाराच्या नावावर. शिरलात आणि निघा म्हटल्यावर निघाला नाहीत तर कलम ३२९ म्हणजे अतिक्रमणाचा विषय येऊ शकतो. अमेरिकेतले लोक १९८८ च्या कॅलिफोर्निया विरुद्ध ग्रीनवुड निकालाचं नाव सांगतात की तिकडे सगळं कायदेशीर आहे, पण तो निकाल मुळात पोलिसांनी वॉरंटशिवाय रस्त्यावर ठेवलेला कचरा तपासण्याबद्दल आहे, तिकडेही खासगी आवारात शिरणं आणि गावोगावचे नियम वेगळेच. जर्मनीत तर दोन विद्यार्थिनींनी सुपरमार्केटच्या पेटीतून खाणं काढलं म्हणून शिक्षा झाली, २०२० मध्ये तिथल्या संविधान न्यायालयाने ती कायम ठेवली, २२५ युरो दंड (तोही राखून ठेवलेला, म्हणजे पुन्हा गुन्हा केला तरच भरायचा) आणि आठ तास समाजसेवा. फ्रान्सने २०१६ मध्ये उलटं केलं, ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या दुकानांना खाण्याजोगं अन्न मुद्दाम खराब करायला बंदी. म्हणजे रील बघून इथे कायदा लावू नका एवढंच.

खाण्याचं मी काहीच उचलत नाही, पॅकबंद असलं तरी. गादी, उशी, सोफा नाही, ढेकूण एकदा घरात आले की चिमट्याने निघत नाहीत. लाकूड आणलं तर आधी बाल्कनीत उन्हात चार दिवस, फटींमध्ये रॉकेल नाहीतर गरम पाणी, मगच आत. जुनी, एलईडी नसलेली ट्यूबलाइट नाही, त्यात पारा असतो. फुगलेली बॅटरी नाही, ती पेट घेऊ शकते. मायक्रोवेव्ह उघडू नका, प्लग काढून ठेवला तरी आतल्या कपॅसिटरमध्ये करंट राहतो. दवाखान्याजवळच्या पिवळ्या, लाल पिशव्यांना तर स्पर्शही नको, आणि घरगुती कचऱ्यातही इन्सुलिनच्या सुया सर्रास असतात, म्हणून पिशवी कधी हाताने दाबून बघायची नाही. हातमोजे मी जांभळी नाक्यावरून हार्डवेअरच्या दुकानातले घेतले, तळव्याला रबर असलेले, साठ रुपये, सुईला तेही पुरत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन मी घेऊन टाकलं, मोठ्यांना दर दहा वर्षांनी घ्यायचं असतं हे मला चाळिशी जवळ आल्यावर कळलं. आणि कागदपत्रं, आधारची झेरॉक्स, बँकेचं पत्र काही दिसलं तर वाचायचं नाही, फाडून टाकायचं.

चिमट्याबद्दल अजून दोन तक्रारी. सहाव्या महिन्यात एका पंजाचं रबर निघालं, विक्रेत्याला मेसेज केला तर वॉरंटी फक्त "नॉर्मल वापरासाठी" असं उत्तर, मी फोटोत कचरा खोली दाखवायला नको होती. सायकलच्या ट्यूबचा तुकडा फेव्हिक्विकने चिकटवलाय, मूळच्यापेक्षा चांगला बसलाय. दुसरं, घडीचा सांधा धुतल्यावर गंजतो, शिवणयंत्राचं तेल सोडा महिन्यातून एकदा. बिनघडीचं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या.

पाचपैकी साडेतीन. विकत घेतल्याचं वाईट वाटत नाही, पण मला तो आता क्वचित लागतो, म्हणून मावशींना विचारलं, त्यांना ड्रमच्या तळातल्या बाटल्या काढायला वाकावं लागत होतं. सध्या तो कचरा खोलीत खिळ्याला टांगलेला असतो, मला लागला तर मी मागून घेते.